दोनशे चौदा नंबरची चिठ्ठी

पेटीत दोनशे सत्त्याऐंशी चिठ्ठ्या होत्या. मी दोनदा मोजल्या. असायला हव्या होत्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि जी नव्हती ती नेमकी दोनशे चौदा नंबरची होती.

एकतीस डिसेंबरची दुपार. सोनवड्याच्या मिशन कंपाउंडातल्या आमच्या देवळामागं एक छोटी खोली होती. पाळकसाहेबांचा झगा तिथं खुंटीला असायचा आणि प्रभुभोजनाचे पेले कपाटात. झाडलोट करायला म्हणून मी किल्ली मागून आणली होती. झाडू दाराशी तसाच पडला होता आणि मी फरशीवर बसून चिठ्ठ्यांचे दहा-दहाचे गठ्ठे लावत होते.

ती पेटी सागवानी होती. फार पूर्वी कुणा मिशनरी मॅडमनं करून घेतलेली. आत जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. एका बाजूला शाईनं लिहिलेलं शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात नंबर. एक जानेवारीच्या सकाळी उपासना झाली की मंडळीतल्या प्रत्येकानं पुढं यायचं, डोळे मिटून हात घालायचा, आणि जी येईल ती चिठ्ठी म्हणजे त्या वर्षासाठी देवाचा आपल्याला शब्द. वर्षभर ती शास्त्रात जपून ठेवायची आणि नाताळला थाळीत परत करायची. मॅडम कडक होत्या. सगळी वचनं आशीर्वादाची नव्हती; एकतीस चिठ्ठ्या इशाऱ्याच्या होत्या. आम्ही मुलं त्यांना कडू गोळ्या म्हणायचो.

पप्पांना ओळीनं तीन वर्षं दोनशे चौदा आली होती. त्या वचनात घरधनी उठून दार लावून घेतो आणि बाहेर ठोठावणाऱ्यांना ओळख देत नाही. पहिली आली ती आई गेल्यावर पाचच महिन्यांनी. तेव्हापासून पप्पांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. उपासनेत द्राक्षरसाचा पेला समोर आला की मान हलवायचे आणि तो शेजाऱ्याकडं सरकवायचे.

मी त्या वर्षी बी.एस्सी. झाले होते. पहिल्या वर्षी कुठली ना कुठली चिठ्ठी येणारच होती, ती ही आली, इथवर माझी तक्रार नव्हती. पण तीच पुढं लागोपाठ दोनदा येण्याची शक्यता जवळजवळ त्र्याऐंशी हजारांत एक. देवळातल्या बायका ह्याला देवाचा हात म्हणत. मला त्यात माणसाचा हात दिसत होता, आणि पेटी धरून उभं राहणारा माणूस एकच होता.

"काय गं जेमी, वचनांची हजेरी घेतेस काय?"

पाळकसाहेब दारात उभे होते. रेव्हरंड एलिया शिंगटे. उंच, किंचित वाकलेले. ते आणि पप्पा मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेले मित्र. पण आईच्या मातीच्या दिवसापासून दोघांत बोलणं नव्हतं. कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

"एक कमी आहे," मी म्हटलं.

"कुठली?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खाली वाकून झाडू उचलून भिंतीला लावला. "जुनी पेटी आहे. एखादा दात पडायचाच."

"नाताळला सगळ्यांनी परत केल्या होत्या. पप्पांनी थाळीत हात घातलेला मी डोळ्यांनी पाहिलाय."

"पाहिलास ना? झालं मग."

"उद्या पेटी मी धरू का?"

वाटलं होतं, नाही म्हणतील. वडीलधाऱ्यांचं काम, पोरीबाळींचं नाही, असं काहीतरी. ते लगेच म्हणाले, "धर की. माझे खांदे भरून येतात तसेही." आणि निघून गेले. इतक्या सहज म्हणाले की माझा संशय उलट वाढला. चिठ्ठी त्यांच्या बाहीत असणार, पेटी कुणीही धरली तरी ते शेजारीच उभे राहणार.

मी उठून दार लावलं आणि उरलेल्या तीस कडू गोळ्या पेटीतून निवडून माझ्या डब्यात भरल्या.

हे पाप होतं हे मला कळत होतं. पण घरात एक फॉर्म पडून होता.

पप्पा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बावन्नाव्या वर्षी त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. देवळाच्या चार पायऱ्या चढले तरी थांबून श्वास घ्यावा लागायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी दहा जानेवारी तारीख दिली होती. फॉर्मवर सही करून तो पाच तारखेच्या आत पाठवायचा होता, नाहीतर पुढची तारीख जूनमध्ये. आणि जूनपर्यंत थांबण्यासारखं हृदय नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

सुगंधाआत्या, पप्पांची थोरली बहीण, रोज तो फॉर्म त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवायची.

"सही कर की रे, शांतवन. तुझं घर लिहून मागतायत होय ते?"

"जे ठरलंय ते होईल, अक्का. कुणाला ठेवायचं, कुणाला न्यायचं, कुणाला तारायचं, सगळं आधी ठरलेलं असतं. आपल्या सहीनं काय व्हायचंय?"

"ज्यानं एवढं ठरवलं त्यानं डॉक्टर पण ठरवलाच असेल की."

शेवटी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "एक तारखेला वचन येऊ दे. बरं वचन आलं तर जातो मिरजेला. दार बंद आलं, तर पुन्हा कुणी विषय काढायचा नाही." आत्या म्हणाली ठीक. पेटीतली एक चिठ्ठी माझ्या वडिलांचा जीव घेणार होती आणि ती कुणाच्या तरी बाहीत होती.

एक जानेवारीला देऊळ भरलं होतं. पाळकसाहेबांनी बोध केला तोही निवडीवरच. देव माणसाला निवडतो, माणूस देवाला नाही. आपली नावं आपण जन्मायच्या आधी लिहिलेली आहेत. मी वेदीशेजारी पेटी छातीशी धरून उभी होते आणि त्यांच्या बाह्यांकडं बघत होते.

लोक एकेक करून यायला लागले. आत्या आली, डोळे घट्ट मिटून हात घातला, चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "औंदा पण प्रवासाचंच आलं बघ. जन्मात सांगलीच्या पुढं गेले नाही, आणि देव सारखा पाठीशी चालतो म्हणतोय." मागची दोघं हसली.

मग पप्पा आले. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. दोन पायऱ्या चढून थांबले, श्वास घेतला. मी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते माझ्यापासून चांगले सहा फूट दूर होते आणि दोन्ही हातांनी गीतांचं पुस्तक धरून उभे होते. ते हलले नाहीत. पप्पांनी डोळे मिटले, हात पेटीत घातला, बाहेर काढला. खिशातून चष्मा काढून लावला. वाचलं. मग चिठ्ठी उलटी करून नंबर माझ्यासमोर धरला.

दोनशे चौदा.

"झालं," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. मला त्यात सुटका ऐकू आली, आणि तेच खटकलं.

मी चिठ्ठीकडं नीट पाहिलं. बाकीच्या चिठ्ठ्या पुठ्ठ्यासारख्या ताठ होत्या. ही फडक्यासारखी मऊ झाली होती. कोपरे गोल झालेले, कडेचे तंतू सुटलेले. वर्षानुवर्षं खिशात राहिलेल्या पाकिटाच्या कडा होतात तशी.

पेटीत ती नव्हती, हे मी मोजून पाहिलं होतं. पाळकसाहेब सहा फुटांवर होते. पेटीवर माझे दोन हात होते. उरला एकच हात.

त्यानंतर साठेक लोक आले असतील. कुणाला काय आलं ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर पप्पा ओसरीवरच्या खुर्चीत बसले. आत्या स्वयंपाकघरात मटणाला फोडणी देत होती. मी डबा आणला आणि त्यांच्या पुढ्यातल्या तिपाईवर उपडा केला. तीस चिठ्ठ्या पसरल्या.

"ह्या काय?"

"कडू गोळ्या. काल दुपारी मी पेटीतून काढल्या. आज पेटीत एकसुद्धा नव्हती, पप्पा. आणि दोनशे चौदा तर त्याच्याही आधीपासून नव्हती."

त्यांनी एक उचलली, वाचली, ठेवली. दुसरी उचलली.

"देवाच्या पेटीत लबाडी केलीस?"

"आपण दोघांनीही."

बराच वेळ ते चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत बसले. दवाखान्यात पुड्या बांधताना कागद जुळवायचे तसे. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी ती खरंच आली होती, जेमी. डोळे मिटून, मोकळ्या हातानं काढली होती."

"आणि नंतर?"

"नंतर मी ती परत केलीच नाही. थाळीत हात घालायचो, रिकामा. आणि एक तारखेला घरातून मुठीत घेऊन जायचो."

"का पण?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आत्या झारा हातात घेऊन दारात उभी होती.

"तू तेव्हा सांगलीला हॉस्टेलवर होतीस," पप्पा म्हणाले. "तुला सांगितलं, आई अचानक गेली. अचानक नाही गेली. चार दिवस पोट दुखत होतं. पहिल्या दिवशी मी गॅसचं औषध करून दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, गॅस आहे. दुसऱ्या दिवशी मला कळलं की हे अपेंडिक्स आहे. कंपाउंडर झालो तरी एवढं कळतं. एल्या मिशनची जीप घेऊन दारात आला. म्हणाला, चल, मिरजेला नेऊ. मी म्हटलं, देवानं ठरवलं असेल तर इथंच बरी होईल."

"तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?"

"नाही." त्यांनी चष्मा काढला. "डॉक्टर म्हणाले असते, रणभिसे, तुम्हाला साधं अपेंडिक्स ओळखता आलं नाही? बावीस वर्षं झाली होती मला दवाखान्यात. ते ऐकायचं नव्हतं. म्हणून देवाचं नाव पुढं केलं. तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, बरी झाली. ते फुटलं होतं म्हणून थांबलं होतं."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले.

"मातीच्या वेळी एल्या सगळ्यांसमोर म्हणाला, देवाची इच्छा होती, शांतवन. मला वाटलं त्याच्या कानाखाली द्यावी. सगळं आधीच ठरलेलं असेल तर माझा दोष नाही. मग तुझी आई कुणामुळं गेली? कुणामुळंच नाही? पाच महिन्यांनी ती चिठ्ठी आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, चला, कुणीतरी खरं बोललं माझ्याशी."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा मोकळ्या हातानं का नाही काढली?"

"चांगली आली असती तर घ्यावी लागली असती."

आत्या पुढं आली. झाऱ्यावरचं तेल फरशीवर ठिपकत होतं, तिचं लक्ष नव्हतं. तिला हे सगळं माहीत होतं की तीही पहिल्यांदाच ऐकत होती, मला आजही सांगता येणार नाही.

"आणि आता काय करतोयस तू?" ती म्हणाली. "तेव्हा जीप दारात, तर देवानं ठरवलंय. आता फॉर्म दारात, तर देवानं ठरवलंय. चिठ्ठी तुझी, मूठ तुझी, आणि नाव त्याचं. तेव्हा बायको घालवलीस, आता पोरीचा बाप घालव. ठरव तूच, पण निदान ठरवतोय म्हण."

एवढं बोलून ती आत गेली. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पप्पांनी तीस चिठ्ठ्या डब्यात भरल्या. "चपला दे माझ्या," ते म्हणाले. "आणि फॉर्म घे तुझ्या पिशवीत. बघू."

देवळामागच्या खोलीत पाळकसाहेब झगा घडी करत होते. ऊन अजून खिडकीत होतं. आम्हाला पाहून त्यांनी झगा खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"सलाम," पप्पा म्हणाले. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा.

"सलाम."

"एल्या, एक चिठ्ठी द्यायची राहिली होती."

"ती राहून तीन नाताळ झाले."

पप्पा बघतच राहिले. "तुला माहीत होतं?"

"मोकळ्या हाताचा माणूस पेटीत मूठ आवळून हात घालतो होय रे? बोर्डिंगात माझ्या गोट्या ढापायचास तीच मूठ. मी पेटी धरून उभा असायचो, मला नाही दिसणार?"

आदल्या दिवसापासून मी ह्या माणसाला चोर धरून बसले होते. मी रागानं म्हणाले, "मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला? ते मरायला निघाले होते."

"कसं सांगू? मी म्हणालो असतो, शांतवन, ही चिठ्ठी देवानं दिलेली नाही; तर तो म्हणाला असता, तुला माझी मूठ दिसली, माझं मन नाही. ती मूठ मी उघडून चालणार नव्हतं, जेमी." मग पप्पांकडं वळून ते म्हणाले, "आणि मला तरी कुठं तोंड होतं? त्या दिवशी जीप दारात होती. मी हात धरून वहिनींना बसवायला हवं होतं. तुझं ऐकून परत नेली. मातीच्या वेळी देवाची इच्छा म्हणालो ते तुला नाही म्हणालो. मला म्हणालो."

मी डब्यातल्या तीस चिठ्ठ्या पेटीत टाकल्या. लोकांनी सकाळी नेलेल्या तेवढ्या बाहेर होत्या, बाकी सगळ्या आत. पप्पांनी सदऱ्याच्या खिशातून दोनशे चौदा काढली, तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि तीही आत टाकली. पाळकसाहेबांनी झाकण दाबून पेटी चांगली खालवर हलवली आणि झाकण उघडून धरली.

पप्पांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना मोठी अक्षरंसुद्धा वाचता येत नसत. मग बोटं पसरून हात आम्हा दोघांना दाखवला, जादूगार दाखवतो तसा, आणि पेटीत घातला. डोळे मिटलेले होते. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. चिठ्ठी काढून त्यांनी टेबलावर वचन खाली करून ठेवली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदाच, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"फॉर्म काढ," ते मला म्हणाले.

"आधी वाचा तरी."

"आधी फॉर्म."

मी फॉर्म काढला. पाळकसाहेबांनी खिशाचं पेन दिलं. कुठं सही करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. पप्पांनी सही केली, खाली तारीख घातली, पेन परत दिलं. मग ती चिठ्ठी तशीच उचलून पेटीत टाकली.

"ह्या वर्षी वचनाशिवाय चालतो," ते म्हणाले.

पण चिठ्ठी टेबलावर उलटी पडली होती तेव्हा नंबर वर होता, आणि मला चष्मा लागत नव्हता. दोनशे चौदा. पाळकसाहेबांनी पाहिला की नाही मला माहीत नाही. ते फॉर्म वाळवायला त्यावर फुंकर घालत होते.

मी तो नंबर पप्पांना सांगितला नाही. पाच जानेवारी उजाडायच्या आत फॉर्म मिरजेला पोहोचला. दहा तारखेला झडप बदलली. मार्चमधल्या पहिल्या रविवारी पप्पांनी पेला शेजाऱ्याकडं सरकवला नाही, स्वतः घेतला. ते पुढं अकरा वर्षं जगले आणि त्या अकरा वर्षांत प्रयोगशाळेतल्या नोकरीत मी प्रत्येक प्रयोगाच्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या, ही एक सोडून. त्यांना कळलं असतं तर त्यांनी सही केली नसती, असं मी धरून चालले होते.

मागच्या वर्षी सोनवड्याच्या नव्या पाळकांनी छापील चिठ्ठ्या आणल्या आणि जुनी पेटी मला आणून दिली. एका दुपारी मी ती टेबलावर ठेवली. चिठ्ठ्या खालवर केल्या, डोळे मिटले आणि हात घातला. ताठ, ताठ, ताठ, आणि मग एक फडक्यासारखी मऊ. कडेवरून अंगठा फिरवला. डोळे उघडून नंबर पाहिला, परत टाकली, पेटी हलवली. असं दहा वेळा केलं. दहाच्या दहा वेळा मला ती न बघता ओळखता आली.

म्हणजे पप्पांना कळलं होतं. सही करायच्या आधी.

त्या दिवशी ती चिठ्ठी आपोआप हाताला लागली होती की त्यांनी ती शोधून काढली होती, एवढं मात्र ह्या प्रयोगातून सांगता येत नाही. सही मी पाहिलेली आहे. नेहमीचीच होती, रणभिसेमधल्या र ची शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली.